बहात्तराव्या वर्षी फुललेली बाग

दरवर्षी हस्तकला प्रदर्शनात मुलांच्या चिकटवह्या मांडल्या की आम्ही त्या आवर्जून चाळतो. हल्ली त्यांत जुन्या ग्रंथांतली फुलापानांची, पक्ष्यांची, फुलपाखरांची देखणी चित्रे छापून आणून चिकटवलेली असतात. पाने सुरेख दिसतात, पण फुलाचे नाव विचारले तर पुष्कळदा मुले गप्प राहतात. अशा वेळी आम्हाला मेरी डिलेनी या इंग्रज बाईंची आठवण येते. कागद, कात्री आणि फूल यांचे नाते त्यांच्याइतके क्वचितच कोणी ओळखले असेल.

मेरी ग्रॅनव्हिल यांचा जन्म १४ मे १७०० रोजी इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. घराणे नामवंत, पण हाती पैसा बेताचा. वयाच्या सतराव्या वर्षी काकांच्या आग्रहाने त्यांचे लग्न साठीच्या घरातील अलेक्झांडर पेंडार्व्हस नावाच्या गृहस्थाशी लावून देण्यात आले. त्या संसारात सुख नव्हते. सातेक वर्षांत पती वारले आणि त्यांच्या संपत्तीतील फारसे काही मेरींच्या वाट्याला आले नाही. विशी-पंचविशीतच त्या विधवा झाल्या. पुढची अठरा-एकोणीस वर्षे त्यांनी वाचन, चित्रकला, भरतकाम आणि बहिणीशी पत्रव्यवहार यांत घालविली.

१७४३ साली त्यांनी आयर्लंडमधील धर्मोपदेशक पॅट्रिक डिलेनी यांच्याशी, या वेळी स्वतःच्या मनाने, विवाह केला. डब्लिनजवळच्या डेल्व्हिल येथील घराभोवती दोघांनी हौसेने बाग फुलविली. मेरीबाई शिंपल्यांनी भिंती सजवीत, रेशमाने कापडावर फुले भरीत. पंचवीस वर्षांचा हा सुखाचा संसार १७६८ साली पतीच्या निधनाने संपला. त्या वेळी त्या जवळजवळ अडुसष्ट वर्षांच्या होत्या.

या दुःखात त्यांना आधार दिला तो जुन्या मैत्रिणीने, पोर्टलंडच्या डचेस मार्गारेट यांनी. बुलस्ट्रोड येथील त्यांच्या वाड्यात वनस्पती, शंख-शिंपले यांचा मोठा संग्रह होता आणि तिथे शास्त्रज्ञांची ये-जा असे. कॅप्टन कुक यांच्याबरोबर जगप्रवास करून आलेले जोसेफ बँक्स आणि डॅनिएल सोलँडर यांच्याशीही मेरीबाईंचा परिचय झाला. फूल कसे निरखावे, पाकळ्या आणि पुंकेसर कसे मोजावेत, हे त्या काळी नव्याने रुजत असलेले लिनियसचे शास्त्र त्या अशा सहवासात शिकल्या. स्त्रियांना विद्यापीठाची दारे बंद होती, त्या काळातली ही गोष्ट आहे.

१७७२ साली एके दिवशी त्यांच्या लक्षात आले, की जवळ पडलेला लाल कागदाचा तुकडा आणि जिरेनियमच्या फुलाची पाकळी यांचा रंग अगदी एकसारखा आहे. त्यांनी कात्री घेऊन कागदाच्या पाकळ्या कापल्या आणि जुळवल्या. डचेस आल्या, त्यांना ते फूल खरेच वाटले. त्या दिवशी मेरीबाईंचे वय बहात्तर होते!

मग हे काम दहा वर्षे चालले. समोर ताजे फूल ठेवायचे, मागे काळी पार्श्वभूमी घ्यायची आणि बारीक बारीक तुकडे एकावर एक चिकटवून उजेड आणि सावलीसुद्धा कागदातूनच उभी करायची. हवी ती छटा मिळाली नाही तर त्या कागद स्वतः रंगवीत. एकेका चित्रात शेकडो तुकडे असत. त्यांनी केलेल्या एका कृष्णकमळाच्या जातीच्या फुलात तर दोनशेहून अधिक पाकळ्या आहेत. कधी कधी त्या खरे वाळलेले पानही त्यात बसवीत. आणि प्रत्येक चित्राबरोबर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, तारीख आणि ठिकाण यांची नोंद करीत. त्यामुळे हे चित्र म्हणजे केवळ शोभेची वस्तू राहिली नाही, तर अभ्यासाचे साधन झाले. राजे तिसरे जॉर्ज आणि राणी शार्लट यांनाही या कामाचे कौतुक होते. क्यू येथील राजोद्यानातून त्यांच्यासाठी रोपे येत.

एक हजार फुले पूर्ण करण्याचा त्यांचा संकल्प होता. ९८५ झाली आणि दृष्टी अधू झाल्यामुळे १७८२ च्या सुमारास कात्री खाली ठेवावी लागली. १७८५ साली डचेस वारल्या, तेव्हा राजाने मेरीबाईंना विंडसर येथे घर आणि वर्षाला तीनशे पौंडांचे वेतन दिले. १५ एप्रिल १७८८ रोजी, अठ्ठ्याऐंशी वर्षे पुरी होण्यास महिना उरला असताना, त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांचे दहा खंड १८९७ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे आले. ते आजही तिथे जपलेले आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, जुनी चित्रे वापरण्यात काहीच गैर नाही. ती पाहूनच डोळा तयार होतो. मात्र यंदाच्या चिकटवहीत एक पान असे करा : अंगणातले जास्वंद, कण्हेर किंवा गोकर्ण समोर ठेवा, पाकळ्या मोजा, घोटीव कागदातून त्या कापा आणि खाली नाव, जागा, तारीख लिहा. पालकांनाही आमची एक विनंती आहे. घरातल्या आजी-आजोबांनाही या कामात सोबत घ्या. आता या वयात काय, असे त्या म्हणाल्याच, तर त्यांना मेरीबाईंची ही हकीकत जरूर वाचून दाखवा.