गुस्ताफ दे लाव्हाल

कार्ल गुस्ताफ पॅट्रिक दे लाव्हाल (९ मे, १८४५ – २ फेब्रुवारी, १९१३) हे स्वीडिश अभियंते, संशोधक आणि उद्योजक होते. दुधातून मलई वेगळी काढणारे केंद्रोत्सारी यंत्र आणि अतिवेगवान वाफ टरबाइन यांसाठी ते ओळखले जातात. वेगाने फिरणाऱ्या यंत्राचा कंप आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांनी लवचिक दंडाचा (शाफ्टचा) उपाय योजला. आजच्या विमान-इंजिनांतील कंपनांची देखरेख ज्या शास्त्रावर उभी आहे, त्याच्या आरंभीच्या टप्प्यावर त्यांचे हे कार्य येते.

जन्म आणि शिक्षण

दे लाव्हाल यांचा जन्म स्वीडनच्या दालार्ना प्रांतातील ओर्सा या गावी झाला. त्यांचे घराणे मूळचे फ्रेंच होते आणि सतराव्या शतकात स्वीडनमध्ये स्थायिक झाले होते. स्टॉकहोम येथील तंत्रशिक्षण संस्थेतून १८६६ मध्ये ते अभियंता झाले. त्यानंतर उप्साला विद्यापीठात रसायनशास्त्राचा अभ्यास करून १८७२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे काही वर्षे त्यांनी क्लोस्टर येथील लोखंडाच्या कारखान्यात नोकरी केली.

मलई काढण्याचे यंत्र

त्या काळी दूध पसरट भांड्यांत तासन्‌तास ठेवून वर आलेली साय काढली जाई. दूध गरगर फिरवून मलई वेगळी करण्याचे प्रयोग जर्मनीत चालू होते. परंतु त्यांत दर खेपेस यंत्र थांबवावे लागे. दे लाव्हाल यांनी १८७८ मध्ये अखंड चालणारे यंत्र तयार केले. त्यात एका बाजूने दूध ओतले जाई आणि मलई व मलईविरहित दूध वेगवेगळ्या नळ्यांतून बाहेर पडे. ऑस्कर लाम यांच्या भागीदारीत १८८३ मध्ये त्यांनी ‘आक्तिबोलागेट सेपराटोर’ ही कंपनी स्थापन केली.

टरबाइन आणि दंडाचा कंप

मलई यंत्राचे भांडे मिनिटाला हजारो फेऱ्या घेत असे. त्या काळच्या दट्ट्याच्या वाफ-इंजिनाचा वेग त्यामानाने फारच कमी होता. थेट मोठा वेग देणाऱ्या साधनाच्या शोधातून दे लाव्हाल वाफ टरबाइनकडे वळले. १८८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आधी निमुळती होत जाणारी व मग पुन्हा रुंदावणारी नळी (नॉझल) वापरली. या नळीतून वाफ ध्वनीहून अधिक वेगाने बाहेर पडून चक्राच्या पात्यांवर आदळे. त्यांच्या लहान टरबाइनचे चक्र मिनिटाला सुमारे ३०,००० फेऱ्या घेई.

एवढ्या वेगामुळे असमतोलाची अडचण उभी राहिली. कोणतेही चक्र पूर्णपणे समतोल घडवता येत नाही. चक्राच्या मध्यापासून ५ सेंटिमीटरवर केवळ १ ग्रॅम वजन अधिक असले, तरी या वेगाला ते सुमारे ५० किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने दंडाला बाहेर ओढते. शिवाय प्रत्येक दंडाला स्वतःची अशी एक नैसर्गिक कंप्रता असते. फिरण्याचा वेग तिच्याशी जुळला की कंप अतोनात वाढतो. त्या वेगास क्रांतिक वेग म्हणतात. या वेगापलीकडे यंत्र स्थिरपणे चालणार नाही, असे स्कॉटिश शास्त्रज्ञ रँकिन यांनी १८६९ मध्ये प्रतिपादले होते. त्यामुळे दंड जाड व ताठ करून क्रांतिक वेगाच्या खाली राहणे, हाच सुरक्षित मार्ग मानला जाई.

दे लाव्हाल यांनी नेमके उलट केले. त्यांनी दंड मुद्दाम बारीक व लवचिक ठेवला. त्यामुळे क्रांतिक वेग खाली आला आणि चक्र तो झपाट्याने ओलांडून पुढे जाऊ लागले. त्यापलीकडे चक्र आपल्या गुरुत्वमध्याभोवती फिरू लागते, दंड तेवढा वाकून त्याला वाट देतो आणि कंप पुष्कळ कमी होतो. हा फिरण्याचा वेग सुमारे दहापट कमी करून इतर यंत्रांना देण्यासाठी त्यांनी तिरप्या दात्यांची दंतचक्रे वापरली. हे टरबाइन १८९३ मध्ये शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात मांडण्यात आले.

सिद्धांताची जोड

प्रयोगाने साधलेल्या या यशाची गणिती मीमांसा नंतर झाली. जर्मन प्राध्यापक ऑगस्ट फोपल यांनी १८९५ मध्ये लाव्हाल टरबाइनच्या दंडाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. पुढे १९१९ मध्ये हेन्री जेफकॉट यांनी हाच प्रश्न स्वतंत्रपणे सोडवला. म्हणून लवचिक दंडावरील एका चक्राच्या या आदर्श नमुन्यास जर्मन ग्रंथांत लाव्हाल रोटर, तर इंग्रजी ग्रंथांत जेफकॉट रोटर म्हणतात.

विमान-इंजिनांशी संबंध

दे लाव्हाल यांनी विमानासाठी इंजिन बनवले नाही. तथापि जेट इंजिनातील दंडही सुरू होताना एक वा अधिक क्रांतिक वेग ओलांडून कार्यवेगाला पोहोचतात. तेथे बेअरिंगभोवती तेलाचा पातळ थर ठेवून कंप शमवला जातो. इंजिनाच्या कवचावर बसवलेले संवेदक कंप सतत मोजतात. प्रत्येक दंडाच्या वेगाशी जुळणारा कंप निराळा काढला जातो. त्यामुळे दोष कोणत्या दंडावर आहे, ते कळते. कंप एकाएकी वाढला, तर पक्ष्याची धडक किंवा तुटलेले पाते यांचा संशय येतो. तो हळूहळू वाढत गेला, तर बेअरिंगची वा पात्यांची झीज संभवते. असमतोल आढळल्यास पंख्याच्या मध्यभागी लहान वजने बसवून तो दूर करतात. अशा देखरेखीमुळे मोठा बिघाड होण्याआधीच इंजिन दुरुस्तीस घेता येते.

उत्तरायुष्य

दे लाव्हाल हे १८८६ पासून स्वीडनच्या शाही विज्ञान अकादमीचे सदस्य होते. काही काळ ते संसदेतही होते. त्यांनी अनेक कंपन्या काढल्या. परंतु एक शोध स्थिरावण्याआधीच ते दुसऱ्याकडे वळत. मोठ्या शक्तीच्या निर्मितीसाठी इंग्लंडच्या चार्ल्स पार्सन्स यांचे अनेक टप्प्यांचे टरबाइन अधिक सोयीचे ठरले. मलई यंत्रातून मिळालेली संपत्ती विद्युत आणि धातुशास्त्रातील खर्चिक प्रयोगांत सरली. स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्याजवळ फारसे धन उरले नव्हते.

वारसा

त्यांच्या मलई यंत्राची कंपनी १९६३ पासून ‘आल्फा लाव्हाल’ या नावाने ओळखली जाते. तिचा एक कारखाना पुण्यातील दापोडी येथे आहे. लाव्हाल नळी आजही अग्निबाणांच्या इंजिनांत वापरली जाते.