लिओ कॅनर : अकरा मुलांची नोंद

१९३८ च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावातून एक वकील आणि त्यांची पत्नी पाच वर्षांच्या मुलाला घेऊन बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आले. येण्यापूर्वी वडिलांनी डॉक्टरांना तेहतीस पानांचे टंकलिखित पत्र धाडले होते. डोनाल्ड ट्रिपलेट हे मुलाचे नाव. दोन वर्षांचा असताना त्याला बायबलमधील स्तोत्र मुखोद्गत होते; पण हाक मारली तर तो वळून पाहत नसे. माणसे खोलीत आहेत किंवा नाहीत, याने त्याला काही फरक पडत नसे. भांडी, ठोकळे, जे फिरेल ते फिरवीत बसावे आणि त्यात कोणी व्यत्यय आणला तर आकांत करावा, असा त्याचा दिनक्रम होता. ते पत्र ज्यांनी बारकाईने वाचले ते डॉक्टर म्हणजे लिओ कॅनर.

कॅनर यांचा जन्म १८९४ साली तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गॅलिशिया प्रांतातील एका खेड्यात, ज्यू कुटुंबात झाला. शिक्षण बर्लिनमध्ये, मध्ये पहिले महायुद्ध आले आणि ऑस्ट्रियाच्या सैन्यात चाकरी करावी लागली. १९२१ मध्ये वैद्यकीची पदवी मिळाली. त्यांचे सुरुवातीचे काम हृदयाच्या विद्युत्-आलेखाशी संबंधित होते, मनोविकारांशी नव्हे. १९२४ मध्ये ते अमेरिकेत साउथ डकोटातील यँक्टनच्या मनोरुग्णालयात रुजू झाले आणि तेथेच मनोविकारशास्त्र शिकले. पुढे अॅडॉल्फ मायर यांच्या आश्रयाने बाल्टिमोरला येऊन १९३० मध्ये त्यांनी बालमनोविकारांचा स्वतंत्र विभाग उभारला. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे पुस्तक हा या विषयावरचा इंग्रजीतील पहिला पाठ्यग्रंथ मानला जातो.

रुग्णालयाच्या भिंतींपलीकडचे त्यांचे काम फारसे सांगितले जात नाही. मतिमंदांच्या एका सरकारी संस्थेतून न्यायालयीन आदेशाच्या आडोशाने १६६ जणांना सोडवून श्रीमंतांच्या घरी फुकटात राबवून घेतले गेल्याचे त्यांनी १९३७ मध्ये उघडकीस आणले. हिटलरच्या तावडीतून सुटू पाहणाऱ्या सुमारे २०० ज्यू डॉक्टरांना अमेरिकेत आणण्यासाठी त्यांनी खटपट केली. १९४२ मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञाने जन्मतः गंभीर मतिमंद असलेल्या मुलांना दयामरण देण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्याच नियतकालिकात कॅनर यांनी त्याला विरोध केला. जर्मनीत तेव्हा नेमके काय चालले होते हे आज ठाऊक असल्यामुळे त्या विरोधाचे मोल अधिक जाणवते.

डोनाल्डसारखी आणखी दहा मुले पुढच्या काही वर्षांत त्यांच्यापुढे आली. आठ मुलगे आणि तीन मुली अशा या अकरा जणांवरचा त्यांचा निबंध १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांपासूनचे जन्मजात दूरपण आणि भोवतालचे सारे जसेच्या तसे राहावे हा अट्टहास, ही दोन लक्षणे त्यांनी वेगळी काढली. ‘ऑटिझम’ हा शब्द त्यांनी घडवला नाही. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी तो आधीच वेगळ्या अर्थाने वापरला होता. मराठीतील ‘स्वमग्नता’ या प्रतिशब्दातही तोच ‘स्व’ आहे. अशा मुलांचे निरीक्षणही सर्वप्रथम कॅनर यांनी केले असे नव्हे. मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ मध्येच मिळतेजुळते वर्णन केले होते, तर व्हिएन्नाहून आलेले गेओर्ग फ्रांक्ल कॅनर यांच्याच विभागात काम करीत होते. परंतु जगाने या अवस्थेची दखल घेतली ती कॅनर यांच्या निबंधानंतरच.

या निबंधाइतकीच महत्त्वाची आहे ती १९४५ सालची एक भेट. डोनाल्डला आईवडिलांनी १९४२ मध्ये गावापासून काही मैलांवर राहणाऱ्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेवले होते. कॅनर स्वतः तेथे गेले आणि त्यांनी जे पाहिले ते एखाद्या निष्णात शिक्षकालाही सहज सुचले नसते. मुलाला मोजमापाचे वेड होते, तेव्हा त्या जोडप्याने त्याच्याकडून विहीर खणवून तिची खोली मोजून सांगायला लावले. मेलेले पक्षी आणि किडे तो गोळा करी. त्यांनी त्यासाठी जागा नेमून दिली, आणि तेथे तो प्रत्येकासाठी खूण उभारू लागला. मक्याच्या ओळी मोजण्याचा त्याचा छंद होता, तर त्या नांगरता नांगरता मोजायला सांगितले. पाहुण्या डॉक्टरांसमोर त्याने सहा लांबलचक ओळी नांगरल्या. घोडा आणि नांगर त्याच्या हाती सफाईने चालत होते. गावच्या शाळेतही तो रमला होता, कारण तेथे त्याचे विक्षिप्तपण चालवून घेतले जाई. त्याचे खूळ कोणी मोडून काढले नाही. त्या खुळाच्या वाटेवर माणसे येऊन उभी राहतील एवढे पाहिले. स्वमग्न मुलांच्या आवडीचा धागा पकडून त्यांना इतरांत मिसळायला शिकवण्याची आजची जी पद्धत आहे, तिचे हे अनघड रूपच म्हणायचे.

हे सारे पाहणाऱ्या माणसाने पुढे पालकांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे, हे कोडेच आहे. १९४३ च्या निबंधात ही अवस्था जन्मजात असल्याचे त्यांनी म्हटले होते. चाळीसच्या दशकाअखेर मात्र आईवडिलांच्या थंडपणावर ते बोट ठेवू लागले. मुले जणू शीतकपाटात वाढली, ही उपमा त्यांचीच. ती मासिकांतून पसरली, इतरांनी ती अधिक कठोर केली आणि अपराधाचे ओझे प्रामुख्याने आयांच्या माथी आले. मातांची बाजू घेणारे पुस्तक १९४१ मध्ये याच कॅनर यांनी लिहिले होते! १९६९ मध्ये वॉशिंग्टन येथे स्वमग्न मुलांच्या पालकांच्या मेळाव्यात त्यांनी उभे राहून पालकांना दोषमुक्त असल्याचे सांगितले. तोवर दोन दशके लोटली होती. ज्या आयांनी ती वर्षे स्वतःला कोसण्यात घालवली, त्यांना हे उशिराच मिळाले.

१९७१ मध्ये, निवृत्तीनंतर बारा वर्षांनी, त्यांनी त्या अकरा मुलांचा पुन्हा माग काढला. सरकारी मनोरुग्णालयांत ज्यांची रवानगी झाली होती, त्यांचे पूर्वीचे तेज मावळले होते; तेथे जाणे म्हणजे जन्मठेपच ठरली, असा निष्कर्ष कॅनर यांनी काढला. दुसऱ्या क्रमांकाचा मुलगा एका कार्यालयात प्रती काढण्याच्या यंत्रावर नोकरी करीत होता. डोनाल्ड पदवीधर होऊन आपल्या गावच्या बँकेत लागला होता. बँक त्याच्या घराण्याशी संबंधित होती, हे खरे; पण गल्ल्यावर बसून रोज गावाला सामोरा जात होता तो मात्र तोच.

कॅनर एप्रिल १९८१ मध्ये मेरिलँडमध्ये निवर्तले. डोनाल्ड मोटार चालवायला शिकला, गोल्फ खेळू लागला, एकट्याने देशोदेशी हिंडला आणि २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी फॉरेस्ट येथेच वारला.