निर्गुण पादुका आणि नागपूरचे गायतोंडे

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकात चित्रकाराचे चरित्र कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आपल्या अंकाच्या मंडळींनाही वाटले. दरवर्षी मी दत्तसंप्रदायातल्या एखाद्या सत्पुरुषावर चार पाने लिहून देतो आणि ती सांभाळून घेतली जातात. या वेळी ज्यांच्यावर लिहितो आहे ते संत नव्हते, कीर्तनकार नव्हते, कुणाला त्यांनी अनुग्रह दिला नाही. पण गाणगापूरच्या निर्गुण पादुकांपुढे उभे राहून जी गोष्ट मला चाळीस वर्षांत नीट कळली नव्हती, ती थोडीफार या माणसामुळे कळली, म्हणून हा खटाटोप.

त्यांचे नाव वासुदेव संतू गायतोंडे. जन्म २ नोव्हेंबर १९२४, आणि जन्मगाव आपले नागपूर. घराणे मूळचे गोव्याचे, वाढले ते गोव्यात आणि मुंबईत, पण जन्मनोंद आपल्याकडची. इथून तासाभराच्या अंतरावर एवढा मोठा माणूस जन्मला आणि आपल्याला त्याचे नावही ठाऊक नसावे, याची मला लाजच वाटली.

मलाही ते नाव कळले ते पैशामुळे. डिसेंबर २०१३. दत्तजयंती होऊन दोन-तीन दिवसच झाले होते. मुंबईत क्रिस्टीज या परदेशी कंपनीने भारतातला आपला पहिला लिलाव केला आणि त्यात गायतोंड्यांचे १९७९ सालचे एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेले. तेव्हा मी नोकरीत होतो. दुसऱ्या दिवशी काउंटरच्या आतल्या बाजूला हीच चर्चा. पेपरातल्या फोटोत झाड नाही, माणूस नाही, देव नाही, नुसता रंग. स्ट्राँगरूमच्या भिंतीला ओल आली होती, ती चौकट करून विकायला काढावी, असे आमच्यातला एक जण म्हणाला. सगळे हसले, मी सर्वांत जास्त हसलो. शिवाय चित्राला नाव नाही. त्यांच्या बहुतेक चित्रांना नाव नाहीच. बँकेत ज्या रकमेचे खाते सापडत नाही ती आम्ही सस्पेन्सला टाकायचो आणि खाते सापडेपर्यंत ती नोंद डोक्याला भुणभुण लावायची. गायतोंडे माझ्याकडे असे सस्पेन्सला पडून राहिले.

मग निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसे मिळेल ते वाचत गेलो. मुंबईत गिरगावात, खोताच्या वाडीतल्या चाळीत ते वाढले. वडील कडक. मुलाने चित्रे काढावीत हे त्यांना पसंत नव्हते. आपल्या पिढीतल्या कोणत्या वडिलांना पसंत पडले असते? तरी मुलगा जे. जे. कला महाविद्यालयात गेला आणि १९४८ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडला. हुसेन, रझा, सूझा यांच्या प्रोग्रेसिव्ह गटाशी त्यांचा संबंध आला, पण गटात राहून गाजावाजा करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. सुरुवातीची त्यांची चित्रे आपल्याला कळतील अशी आहेत. माणसे आहेत, आपल्या जुन्या लघुचित्रांसारखे सपाट, गडद रंग आहेत. पुढे पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराचा प्रभाव पडला. हळूहळू माणसे रेषांएवढी उरली, मग रेषाही गेल्या. १९५७ मध्ये टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले.

त्या काळात मुंबईला वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट होती. एकाच आवारात रविशंकरांची सतार, अल्काझींचे नाटक आणि चित्रकारांच्या खोल्या. समोर समुद्र. गायतोंडे तासन्‌तास त्या समुद्राकडे बघत बसायचे. काम कमी, बसणे जास्त. १९६४ मध्ये रॉकफेलर फंडाची शिष्यवृत्ती मिळून ते न्यूयॉर्कला गेले, १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली, १९७२ मध्ये मुंबई कायमची सोडून दिल्लीला निजामुद्दीन ईस्टमध्ये एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहायला गेले. लग्न केले नाही. वर्षाकाठी पाच-सहा कॅनव्हास पुरे व्हायचे. बाकी वेळ शास्त्रीय संगीत, आपले आणि पाश्चात्त्यही, थोडे वाचन, आणि कोऱ्या कॅनव्हाससमोर नुसते बसणे.

त्यांची काम करण्याची रीत मला फार आवडली, कारण ती आपल्या ओळखीची आहे. ब्रशापेक्षा रोलर आणि पातळ सुरी त्यांच्या हातात जास्त. रंगाचा पातळ थर द्यायचा. त्यावर फाडलेल्या कागदाचे तुकडे ठेवायचे, दाबायचे, उचलायचे. कागदाबरोबर थोडा रंग निघून येतो, थोडा राहतो. काही खरवडायचे. पुन्हा थर. मधे कितीतरी दिवस काही करायचे नाही. शेवटी जे उरते ते आतून उजेड आल्यासारखे दिसते.

हे मी पुस्तकी सांगत नाही, एकदा डोळ्यांनी पाहिले आहे. हरिद्वारहून परतताना दिल्लीला गाडी बदलायची होती, मधे अख्खा दिवस रिकामा. सौ.ला घेऊन जयपूर हाऊसमधल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात गेलो. तिथे गायतोंड्यांचे एक चित्र होते. पहिली दोन मिनिटे मला परत ती ओल आलेली भिंतच दिसली. खरं सांगतो, मी पुढे सरकलोही. सौ. मात्र तिथेच थांबली. मी परत येऊन विचारले, तर ती म्हणाली की पौषात पहाटे कन्हानवर धुके असते तेव्हा नदी दिसत नाही, पण नदी आहे हे कळत असते, तसे काहीतरी वाटते आहे. बाकावर बसलो. पंधरा-वीस मिनिटांत त्या रंगातल्या खुणा वर आल्या, परत बुडाल्या. कसल्या खुणा, सांगता येणार नाही.

आणि मला गाणगापूर आठवले. आपल्यातले बहुतेक जण जाऊन आलेले आहेत. श्रीनृसिंह सरस्वतींचा जन्म आपल्या विदर्भातल्या कारंज्याचा. औदुंबरला त्यांच्या विमल पादुका, नृसिंहवाडीला मनोहर पादुका आणि भीमा-अमरजा संगमाच्या गाणगापुरी निर्गुण पादुका. त्या लहानशा खिडकीतून आपण आत बघतो. त्या पादुकांवर पाणी घालत नाहीत, केशर-अष्टगंधाचा लेप चढतो. लेपावर लेप. गर्दीतून ढकलले जाताना आपण काय पाहतो? खरे म्हणजे फारसे काही नाही. तरी डोळे भरून येतात.

माझी अडचण जुनी होती. पादुका हातात धरता येते, तिला लेप लागतो, तिला जागा आहे. मग तिला निर्गुण कसे म्हणायचे? लहानपणापासून मी निर्गुण म्हणजे काही नाही असेच समजत होतो. सगुणातून हात-पाय, नाक-डोळे वजा केले की बाकी निर्गुण, असा माझा कॉमर्सवाल्याचा हिशेब. चित्रांच्या बाबतीतही लोक असेच समजतात. झाड पाहायचे, त्याची पाने काढून टाकायची, फांद्या काढायच्या, उरलेल्याला अमूर्त म्हणायचे. गायतोंड्यांना म्हणूनच अमूर्त चित्रकार म्हटलेले आवडत नसे. त्यांचे म्हणणे असे की आपल्या चित्रामागे मुळात वस्तूच नाही, मग कशातून काय वजा करणार? ते त्यांना नॉन-ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे वस्तूविना चित्र, म्हणत.

शास्त्रातही हा भेद आहे, आणि तो माझ्या फार उशिरा ध्यानात आला. बृहदारण्यक उपनिषदात ब्रह्माची दोन रूपे सांगितली आहेत, एक मूर्त आणि एक अमूर्त. पृथ्वी, पाणी, अग्नी हे मूर्त. वायू आणि आकाश अमूर्त. म्हणजे अमूर्त हेसुद्धा रूपच झाले, दिसत नाही इतकेच. ही दोन्ही सांगून झाल्यावर मग ऋषी नेति नेति म्हणतात, म्हणजे हेही नाही आणि तेही नाही. निर्गुण मूर्तीच्या पलीकडे आहे तसेच अमूर्ताच्याही पलीकडे आहे. मग मूर्ती पुसल्याने माणूस निर्गुणाच्या जास्त जवळ जातो असे म्हणता येत नाही, आणि मूर्ती ठेवल्याने लांब पडतो असेही नाही. आपल्या मौद्यात बाबा जुमदेवजींच्या परमात्मा एक मार्गाचे सेवक आहेत, त्यांच्याकडे मूर्ती नाही. आपल्या देवळात त्रिमूर्ती आहे. यावरून पारावर वाद घालणारे मी पाहिले आहेत, एके काळी मीही घातला आहे.

पादुका या दोहोंच्या मधली वस्तू आहे. ती देवाचे रूप दाखवत नाही, कुणीतरी इथे उभे होते आणि आता दिसत नाही, एवढेच सांगते. दिल्लीच्या त्या बाकावर मला गायतोंड्यांचे चित्रही तसेच वाटले. जाणकार माझ्यावर हसतील. हसू देत.

आता दत्तसंप्रदायाशी त्यांचा धागा. झेन विचाराचा त्यांनी अभ्यास केला होता, रमण महर्षींना ते मानत, आणि निसर्गदत्त महाराजांच्या विचाराचाही त्यांच्यावर प्रभाव होता. हे निसर्गदत्त महाराज म्हणजे पूर्वाश्रमीचे मारुती कांबळी, सिंधुदुर्गातल्या कांदळगावचे, जन्म १८९७. मुंबईत विड्यांचे दुकान चालवायचे. गुरू सिद्धरामेश्वर महाराज, संप्रदाय इंचगिरीचा, जो नवनाथांमधून थेट दत्तात्रेयांपर्यंत जातो. खेतवाडीतल्या त्यांच्या लहानशा खोलीत परदेशातून माणसे येऊन बसत. गायतोंडे वाढले ती वाडी तिथून पायी जाण्याइतकी जवळ.

पण इथेच माझे मन अडते, आणि ते लपवून चरित्र लिहिणे बरे नाही. गायतोंड्यांनी घरच्यांशी संबंध जवळजवळ तोडून टाकले. घर सुटले ते सुटलेच. वर्षानुवर्षे सख्ख्या बहिणींनाही भाऊ भेटला नाही. आपण संसारी माणसे, भाऊबीजेला बहिणीचे ताट रिकामे राहिले तर काय होते ते आपल्याला माहीत आहे. चित्रातून वस्तू जावी, माणसे जावीत, हे मी समजू शकतो. जगण्यातूनही माणसे गेलीच पाहिजेत का? निसर्गदत्त महाराजसुद्धा गुरूंच्या देहत्यागानंतर १९३७ मध्ये सगळे सोडून निघाले होते. पण काही महिन्यांनी ते त्याच घरी, त्याच बायका-मुलांत परत आले आणि १९८१ मध्ये देह ठेवीपर्यंत तिथेच राहिले. विडी विकता विकता निर्गुण सांगितले. मला हा रस्ता जवळचा वाटतो. मात्र गायतोंड्यांनी ज्या एकांताची किंमत मोजली त्याशिवाय ती चित्रे झाली असती का, हे मी कोण ठरवणार? त्यांना मी माफ केले आहे असे म्हणत नाही, दोषही देत नाही. ही नोंद अजून सस्पेन्सलाच आहे.

१९८४ मध्ये त्यांना अपघात झाला. मानेला दुखापत होऊन मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहणे बंद झाले. जो माणूस आधीच इतके कमी काम करायचा त्याच्या हातून तेही गेले. मग ते लहान कागदांवर शाईने काढू लागले. काही वर्षांनी परत मोठे कॅनव्हास सुरू झाले. मध्य प्रदेश सरकारचा कालिदास सन्मान मिळाला. पण लोकांत मिसळणे नाही, मुलाखतींचा सोस नाही. १० ऑगस्ट २००१ रोजी दिल्लीत ते गेले. फार मोठी बातमी झाली नाही. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले तेव्हा त्यांना जाऊन तेरा वर्षे झाली होती, आणि कोटींचे आकडे तर त्यांनी ऐकलेच नाहीत.

या माघात गाणगापूरला जायचे ठरले आहे. सौ.चे गुडघे दुखतात, तरी ती येते म्हणते. जाताना वाटेत हेच सगळे तिला सांगणार आहे, दिल्लीचे ते चित्र तिच्या अजून लक्षात आहे. त्यात एक गोष्ट तिला आवडेल. गायतोंडे चित्राच्या पुढच्या बाजूला काही लिहीत नसत. सही आणि साल मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून. आणि पुष्कळ चित्रांवर ती सही नागरीत आहे.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.