पर्ल बक : मौन सोडणारी आई

पर्ल बक हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. ‘द गुड अर्थ’ या कादंबरीतून चिनी शेतकऱ्याचे जगणे जगापुढे मांडणाऱ्या लेखिका आणि साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या पहिल्या अमेरिकन महिला, एवढी त्यांची ओळख बहुतेकांना असते. देव आनंद यांच्या चाहत्यांना कदाचित हेही ठाऊक असेल की, १९६५ च्या ‘गाइड’ची जी इंग्रजी आवृत्ती निघाली, तिची पटकथा लिहिण्यात पर्ल बक यांचा वाटा होता. मात्र ज्या मुलीच्या पालनपोषणाच्या चिंतेने या लेखिकेला झपाट्याने लिहायला लावले, त्या मुलीविषयी जगाला वीस वर्षे काहीच कळले नव्हते. १९५० मध्ये बक यांनी आपले मौन सोडले, तेव्हा अमेरिकेतील हजारो घरांमधली बंद दारे किलकिली झाली. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांनी हक्कासाठी संघटित होण्याचा तो काळ होता आणि त्या चळवळीच्या इतिहासात या आईचे स्थान मोठे आहे.

दोन देशांची लेक

पर्ल यांचा जन्म २६ जून १८९२ रोजी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या हिल्सबरो या गावी झाला. वडील अ‍ॅब्सलम आणि आई कॅरोलाइन सायडनस्ट्रिकर हे दोघेही चीनमध्ये काम करणारे प्रेस्बिटेरियन मिशनरी. काही महिन्यांच्या पर्लला घेऊन ते चीनला परतले. यांगत्से नदीकाठच्या झेनजियांग शहरात तिचे बालपण गेले. इंग्रजीबरोबरच चिनी भाषाही तिच्या जिभेवर रुळली. महाविद्यालयीन शिक्षणासाठी ती अमेरिकेत गेली आणि १९१४ मध्ये पदवी घेऊन आजारी आईच्या शुश्रूषेसाठी पुन्हा चीनमध्ये आली. १९१७ मध्ये जॉन लॉसिंग बक या कृषितज्ज्ञाशी तिचा विवाह झाला. चिनी शेतीच्या अर्थकारणाचा अभ्यास हाच लॉसिंग यांचा ध्यास होता. पतीबरोबर उत्तर आन्हुई प्रांतातल्या खेड्यापाड्यांतून फिरताना पर्ल यांनी जे शेतकरी पाहिले, तेच पुढे त्यांच्या कादंबऱ्यांत उतरले.

४ मार्च १९२० रोजी चीनमध्येच त्यांच्या मुलीचा, कॅरोलचा जन्म झाला. बाळ सुदृढ आणि देखणे होते. बाळंतपणाच्या वेळी मात्र पर्ल यांच्या गर्भाशयात गाठ आढळली. तिच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना अमेरिकेला जावे लागले आणि त्यानंतर त्यांना पुन्हा मूल होण्याची शक्यता उरली नाही. म्हणजे कॅरोल हीच त्यांची पोटची एकमेव लेक.

निदानाची वणवण

कॅरोल तीन वर्षांची झाली तरी बोलू लागली नाही. अंगावर इसब उठे. लक्ष एका जागी ठरत नसे. सुरुवातीला नातलग आणि मित्र धीर देत. प्रत्येक मूल आपापल्या गतीने वाढते, असे सांगत. पण आईच्या मनातली शंका वाढत गेली. १९२४ मध्ये बक दांपत्य अमेरिकेत आले आणि पर्ल यांची डॉक्टरांकडची वणवण सुरू झाली. कोणी ग्रंथींचा दोष सांगे, कोणी थांबून पाहा म्हणे, आणि जाताना प्रत्येक जण थोडी आशा हाती ठेवी. त्या आशेवर पुढच्या डॉक्टरचे दार ठोठावायचे, असा क्रम चालू राहिला.

मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये तो संपला. तेथेही तपासण्या झाल्या आणि कारण सापडले नाही, एवढेच हाती आले. परंतु बाहेर पडताना एका डॉक्टरने त्यांना गाठून स्पष्ट शब्दांत सत्य सांगितले. ही मुलगी कधीच इतरांसारखी होणार नाही, खोट्या आशेपायी स्वतःची शक्ती आणि पैसा संपवू नका, तिला सुखाने राहता येईल अशी जागा शोधा, असा त्या बोलण्याचा आशय होता. ते शब्द घाव घालणारे होते. तरीही त्या अनोळखी डॉक्टरविषयी पर्ल यांनी आयुष्यभर कृतज्ञता बाळगली. कारण गोड बोलून त्यांना फसवले नाही असा तो पहिलाच माणूस होता. याच सुमारास त्यांनी जॅनिस या तान्ह्या मुलीला दत्तक घेतले, कॉर्नेल विद्यापीठातून एम. ए. केले आणि त्या चीनला परतल्या.

व्हाइनलँडचा उंबरठा

चिनी शेजाऱ्यांनी कॅरोलला जशी आहे तशी स्वीकारले होते, असे पर्ल यांचे निरीक्षण होते. एखाद्याचा पाय अधू असावा तशी कोणाची बुद्धी अधू, यात लपवण्यासारखे काय, अशी तेथील साधी धारणा. लाज होती ती त्यांच्या मायदेशात. त्या काळी अमेरिकेत वंशशुद्धीच्या विचाराने जोर धरला होता. बौद्धिक अक्षमता म्हणजे घराण्याचा कलंक, असे शिकलेली माणसेही मानत. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यक्तींची सक्तीने नसबंदी करणारा व्हर्जिनिया राज्याचा कायदा वैध ठरवला. योगायोग असा की, त्या खटल्यातील तरुणीचे आडनावही बकच होते. पर्ल यांच्या कुटुंबाशी तिचा काही संबंध नव्हता.

त्याच वर्षी मार्चमध्ये नानजिंग शहरात परदेशी नागरिकांवर हल्ले झाले. बक कुटुंबाला एका गरीब चिनी स्त्रीने आपल्या झोपडीत दडवले, म्हणून ते वाचले. पुढचे वर्षभर जपानमध्ये आश्रय घ्यावा लागला. या धावपळीत पर्ल यांना एक गोष्ट उमगली. उद्या आपले बरेवाईट झाले तर कॅरोलचे काय? आपल्याकडील ज्या घरांत असे मूल आहे, तेथील आईवडिलांना हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही. आमच्यामागे याचे कोण पाहील, या चिंतेने त्यांच्याही रात्री सरलेल्या असतात.

१९२९ मध्ये पर्ल कॅरोलला घेऊन न्यू जर्सीतील व्हाइनलँड ट्रेनिंग स्कूलमध्ये आल्या. त्याआधी त्यांनी अनेक संस्था पाहिल्या होत्या. काही ठिकाणी मुलांना गुरांसारखे कोंडलेले होते. व्हाइनलँडचे प्रमुख एडवर्ड जॉन्स्टन यांचा भर मात्र मुलांच्या आनंदावर होता. याच संस्थेच्या प्रयोगशाळेत पूर्वी हेन्री गोडार्ड या मानसशास्त्रज्ञाने बुद्धिमापन चाचण्यांचा अमेरिकेत प्रसार केला होता. कमी बुद्धी ही आनुवंशिक आणि समाजाला घातक असते, असे सांगणारे त्याचे १९१२ चे पुस्तक पुढे शास्त्रीय कसोटीवर टिकले नाही; पण त्याने असंख्य कुटुंबांना मान खाली घालायला लावली. ज्या आवारातून तो कलंक देशभर पसरला, तेथेच एक आई आपल्या नऊ वर्षांच्या लेकीसाठी निवारा शोधत आली होती.

फी भरण्यासाठी पर्ल यांच्याजवळ पैसे नव्हते. त्यांनी कर्ज काढले, मुलीला तेथे ठेवले आणि त्या नानजिंगला परतल्या. घर रिकामे झाले होते आणि डोक्यावर देणे होते. त्या माडीवरच्या खोलीत टंकलेखन यंत्रासमोर बसल्या आणि सुमारे तीन महिन्यांत ‘द गुड अर्थ’ लिहून काढली.

कादंबरीतील मुकी लेक

१९३१ मध्ये प्रसिद्ध झालेली ही कादंबरी अमेरिकेत सलग दोन वर्षे खपात अग्रस्थानी राहिली. १९३२ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. वँग लुंग या शेतकऱ्याची थोरली मुलगी या कथेत कधीच बोलत नाही. उन्हात बसून ती कापडाचा तुकडा चाळवते आणि हसते. म्हातारपणी वँग लुंगला एकच घोर लागतो, की आपण गेल्यावर हिला कोण जेवू घालील. आपल्या मृत्यूनंतर तिला द्यावे म्हणून तो विषाची पुडी जपून ठेवतो. शेवटी घरातली एक तरुण स्त्री तिला सांभाळण्याची जबाबदारी घेते. लाखो वाचकांनी हा प्रसंग वाचला. पण ही मुलगी कोणाची, हे त्यांना ठाऊक नव्हते.

पुस्तकाच्या उत्पन्नातून कर्ज फिटले आणि कॅरोलच्या भविष्याची तरतूद झाली. व्हाइनलँडला पर्ल यांनी मोठी देणगी दिली, कॅरोलसाठी तेथे स्वतंत्र घर बांधले गेले. पुढे त्या संस्थेच्या विश्वस्त मंडळावरही त्यांनी काम केले. १९३४ मध्ये त्या कायमच्या अमेरिकेत आल्या. पुढच्या वर्षी लॉसिंग यांच्याशी घटस्फोट होऊन प्रकाशक रिचर्ड वॉल्श यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पेनसिल्व्हेनियातील ग्रीन हिल्स फार्म या घरात त्यांनी आणखी मुले दत्तक घेतली. १९३८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. एवढ्या प्रसिद्धीतही कॅरोलचा उल्लेख त्यांनी कटाक्षाने टाळला. ज्या स्त्रीने अन्यायाविरुद्ध निर्भयपणे लेखणी चालवली, तिलाही या एका बाबतीत बोलण्यास वीस वर्षे लागली, यावरून त्या लाजेचे ओझे केवढे असेल याची कल्पना यावी.

मौन सुटले

मे १९५० मध्ये ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकात पर्ल यांचा कॅरोलविषयीचा दीर्घ लेख आला आणि त्याच वर्षी ‘द चाइल्ड हू नेव्हर ग्रू’ या नावाने तो पुस्तकरूपाने निघाला. त्यात रडगाणे नव्हते. निदानाची फरफट, आईच्या मनातला राग, संस्था कशी निवडावी, मुलाला त्याच्या कुवतीबाहेर शिकवण्याचा अट्टाहास कसा क्रूर ठरतो, हे सारे त्यांनी सरळपणे सांगितले. असे मूल होणे ही शरमेची बाब नव्हे आणि अशा मुलालाही आनंदाने जगण्याचा हक्क आहे, हा त्याचा गाभा होता.

त्याच वर्षी सप्टेंबरअखेर मिनियापोलिस शहरात ठिकठिकाणचे पालकगट एकत्र आले आणि त्यांनी राष्ट्रीय संघटना स्थापन केली. आज ती ‘द आर्क’ या नावाने ओळखली जाते. ही संघटना बक यांनी काढली नव्हती. आपली मुले शाळेबाहेर का, या प्रश्नाने पेटलेल्या सामान्य आईबापांनी ती उभारली होती. मात्र नोबेल विजेत्या लेखिकेच्या घरातही असे मूल असू शकते, हे कळल्याने त्यांना बळ मिळाले. १९५३ मध्ये अभिनेत्री डेल इव्हान्स यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या दिवंगत मुलीवर पुस्तक लिहिले आणि त्याचे मानधन या संघटनेला दिले. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची बहीण युनिस श्रायव्हर यांनी आपल्या रोझमेरी या बहिणीच्या अक्षमतेविषयी जाहीरपणे लिहिले. पुढच्याच वर्षी या क्षेत्रासाठी केंद्रीय निधी देणारे कायदे झाले. मुंबईत तर त्याआधीच, १९४४ मध्ये, जय वकील यांनी आपल्या मुलीसाठी शाळा सुरू केली होती. म्हणजे देश कोणताही असो, पहिले पाऊल बहुधा पालकांनीच टाकले.

कारण सापडले, पण उशिरा

कॅरोलला नेमके काय झाले होते? याचे उत्तरही एका आईच्या चिकाटीतून मिळाले. नॉर्वेतील बोर्गनी एगेलँड यांची दोन्ही मुले अशीच मागे पडली होती आणि त्यांच्या लघवीला विचित्र उग्र वास येई. कारण शोधल्याशिवाय राहायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. १९३४ मध्ये अ‍ॅस्ब्यॉर्न फॉलिंग या वैद्याने त्या लघवीची तपासणी करून या विकाराचा छडा लावला. फिनाइलकीटोन्युरिया, म्हणजे पीकेयू, हे त्याचे आजचे नाव. आईवडील दोघेही निरोगी असून दोघांकडून सदोष जनुक आले तरच तो होतो. प्रथिनांतील फिनाइलअ‍ॅलनिन हा घटक शरीराला पचवता येत नाही. तो रक्तात साठतो आणि तान्ह्या मेंदूला इजा करतो.

१९५० च्या दशकात या घटकाचे प्रमाण कमी असलेला आहार उपयोगी ठरला. १९६० च्या दशकारंभी रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून हा विकार ओळखण्याची स्वस्त चाचणी शोधली. गथ्री हेही बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचे वडील आणि पालक संघटनेचे कार्यकर्ते होते. या चाचणीमुळे जगभरातील असंख्य बाळे वाचली. कॅरोलच्या विकाराचे नाव कळले, तेव्हा ती चाळिशीत पोहोचली होती. तिच्यासाठी उपचाराची वेळ केव्हाच टळून गेली होती.

अपुरे राहिलेले उत्तर

पर्ल बक यांनी शोधलेले उत्तर सर्वांच्या आवाक्यातले नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. खाजगी संस्थेत आजन्म निवारा मिळवायला खपाऊ कादंबरी लिहिणारी आई लागते. ज्यांच्याकडे पैसा नव्हता, त्यांच्या वाट्याला गर्दीने भरलेले सरकारी निवारे आले. शिवाय मुलाला घरापासून दूर ठेवणे हाच उत्तम मार्ग, हा त्या काळचा विचारही पुढे मागे पडला. घराजवळ शाळा, वस्तीत राहण्याची सोय आणि झेपेल ते काम, ही नव्या पिढीतील पालकांची मागणी होती. ज्या पेनसिल्व्हेनियात बक यांनी घर केले, तेथील पालक संघटनेने १९७१ मध्ये राज्य सरकारला न्यायालयात खेचले. १९७२ च्या तडजोडीनुसार बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रत्येक मुलाला मोफत सार्वजनिक शिक्षण देण्याचे राज्याने मान्य केले. १९७५ मध्ये देशभरासाठी कायदा झाला.

तो पाहायला पर्ल बक नव्हत्या. ६ मार्च १९७३ रोजी व्हरमाँट राज्यातील डॅनबी येथे त्यांचे निधन झाले. ग्रीन हिल्स फार्मच्या आवारात त्यांची समाधी आहे. शिळेवर त्यांचे नाव चिनी लिपीत कोरले आहे. कॅरोल त्यांच्यामागे एकोणीस वर्षे जगली. १९९२ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, व्हाइनलँड येथेच तिचा मृत्यू झाला. आईने केलेली तरतूद तिला अखेरपर्यंत पुरली.