कृपणाचे सोंग घेतलेला दाता : जॅक बेनी

आपल्या स्मरणिकेच्या पानांतून संत, समाजसुधारक, विद्वान व उद्योगपती यांची चरित्रे वाचण्याची ज्ञातिबांधवांस सवय आहे. त्या मालिकेत अमेरिकेतील एका विनोदी नटास स्थान का द्यावे, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. परंतु आपल्या एका दोषाचे सोंग घेऊन चार दशके कोट्यवधी लोकांस हसविणारा आणि प्रत्यक्ष आयुष्यात त्या सोंगाच्या नेमके उलट वागणारा हा पुरुष होता. त्यामुळे त्याचे चरित्र संसारी माणसांच्या कुटुंबांत वाचले जावे, असे आम्हांस वाटते.

जॅक बेनी यांचे मूळ नाव बेंजामिन कुबेल्स्की. त्यांचा जन्म 14 फेब्रुवारी 1894 रोजी शिकागो शहरी झाला आणि बालपण मिशिगन सरोवराच्या काठी वसलेल्या वॉकीगन या लहानशा गावी गेले. वडील मायर कुबेल्स्की हे पोलंडमधून आलेले यहुदी गृहस्थ. परक्या मुलखात त्यांनी प्रथम गुत्ता चालविला व पुढे पुरुषांच्या कपड्यांचे दुकान थाटले. मुलगा सहा वर्षांचा होताच त्यांनी त्याच्या हाती व्हायोलिन दिले. आपला मुलगा मोठा वादक व्हावा, सभ्य लोकांच्या सभागृहात त्याचे वादन व्हावे, ही आईबापांची मनीषा होती. मुलाचा हात बरा होता. पण रियाजाचा त्याला कंटाळा होता आणि शालेय अभ्यासाचा त्याहून अधिक. शिक्षण अर्धवट राहिले आणि गावातील बॅरिसन थिएटरच्या वाद्यवृंदात तो वाजवू लागला.

त्या काळी अमेरिकेत व्हॉडव्हिल नावाचा रंगमंचीय प्रकार भरभराटीस आला होता. एकाच खेळात गायक, नर्तक, जादूगार, कसरतपटू, शिकविलेली जनावरे व विनोदी जोड्या क्रमाने येत. प्रत्येकास दहा-पंधरा मिनिटे मिळत. आठवडा संपला की बिऱ्हाड उचलून पुढचे गाव गाठावयाचे, हा या कलावंतांचा नेम असे. प्रेक्षक रोज नवे असत आणि मन रिझले नाही तर ते तोंडावर सांगत. 1911 मध्ये पुढे जगप्रसिद्ध झालेले मार्क्स बंधू वॉकीगनला आले असता त्यांच्या मातोश्रींनी या सतरा वर्षांच्या वादकास आपल्याबरोबर फिरतीवर नेण्याची तयारी दाखविली. घरून साफ नकार आला. नाटकवाल्यांच्या संगतीत मुलगा बिघडेल, ही जी भीती आपल्याकडील जुन्या घरांत होती, तीच तेथेही होती. परंतु पुढच्याच वर्षी कोरा सॅलिसबरी या पोक्त पियानोवादिकेबरोबर त्यांनी घर सोडले आणि आईबापांना मन मोठे करावे लागले.

नावाची अडचण लगेच उभी राहिली. यान कुबेलिक या विख्यात व्हायोलिनवादकाने नामसाधर्म्यास हरकत घेतली, म्हणून कुबेल्स्कीचे बेन बेनी झाले. काही वर्षांनी बेन बर्नी या दुसऱ्या कलावंताने तशीच हरकत घेतली, तेव्हा जॅक बेनी हे नाव कायम झाले. पित्याने दिलेले नाव असे व्यवसायापायी हरपले. तथापि पित्याशी व गावाशी असलेले नाते त्यांनी तुटू दिले नाही. 1927 मध्ये सेडी मार्क्स या तरुणीशी त्यांचा विवाह झाला, तोही वॉकीगनमध्येच. मेरी लिव्हिंगस्टन या नावाने ही सहधर्मचारिणी पुढे त्यांच्या कार्यक्रमांतही झळकली.

बेनी विनोदाकडे वळले, ते एका फजितीमुळे. पहिल्या महायुद्धात ते आरमारात होते. वॉकीगनजवळच्या नाविक तळावर एका संध्याकाळी त्यांनी व्हायोलिन वाजविले असता खलाशांनी हुर्यो उडविली. तेव्हा वादन थांबवून ते श्रोत्यांशी बोलू लागले व खलाशी हसू लागले, अशी हकीकत सांगतात. त्यानंतर व्हायोलिन हाती राहिले खरे, पण ते वाजविण्याऐवजी वाजविता वाजविता थांबण्यासाठी. कोठे थांबावे आणि किती वेळ थांबावे, ही विद्या त्यांनी व्हॉडव्हिलच्या फिरतीत वर्षानुवर्षे राबून संपादन केली.

1932 हे साल त्या रंगभूमीच्या अस्ताचे ठरले. बोलपटांनी प्रेक्षक ओढून नेले आणि व्हॉडव्हिलचे माहेरघर समजले जाणारे न्यूयॉर्कचे पॅलेस थिएटर चित्रपटांकडे वळले. शेकडो कलावंतांची अन्नान्नदशा झाली. त्याच वर्षी बेनी यांनी नभोवाणीवर पदार्पण केले. रविवारी सायंकाळी सात वाजता त्यांचा कार्यक्रम लागे आणि घरोघरी माणसे यंत्राभोवती जमत. तेथे त्यांनी जॅक बेनी याच नावाचे एक पात्र उभे केले. हा गृहस्थ कमालीचा कवडीचुंबक होता. तळघरातील तिजोरीवर तो पहारेकरी बसवी, खडखडणारी जुनाट मॅक्सवेल मोटार टाकून देण्यास तयार नसे, व्हायोलिन भिकार वाजवी आणि कितीही वर्षे लोटली तरी स्वतःचे वय 39 च सांगे.

या पात्राची एक गोष्ट सर्वश्रुत आहे. 1948 मधील एका कार्यक्रमात रस्त्यावर लुटारू बेनींना गाठतो आणि पैसे दे, नाहीतर प्राण दे असे दरडावतो. बेनी गप्प. श्रोत्यांत हशा पिकतो, तरी ते गप्पच. लुटारू पुन्हा दरडावतो तेव्हा ते चिडून सांगतात की विचार चालू आहे! नभोवाणीवर शांतता म्हणजे पैशांचा अपव्यय मानली जाई. बेनींनी तीच शांतता आपले भांडवल केली.

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. यहुदी समाज चिक्कू असतो, हा आरोप युरोप-अमेरिकेत शतकानुशतके होत आला होता. दुसऱ्याच्या समाजावर टोमणे मारून हशा मिळविणे हा तेथील रंगभूमीचा रूढ मार्ग होता. बेनींनी कृपणपणा रंगविला, पण तो आपल्या समाजाच्या माथी मारला नाही; त्यांचे पात्र नाताळच्या भेटवस्तू खरेदी करण्यासाठी दुकाने पालथी घालणारे एक सामान्य अमेरिकन होते. दोष एका माणसाचा, आणि तो माणूस मी, एवढेच त्यांनी दाखविले. आपल्याकडेही जातीजातींच्या नावाने विनोद सांगण्याची खोड पुरती गेलेली नाही, म्हणून हा विवेक ध्यानी घेण्यासारखा आहे.

या बाबतीत तेही पहिल्यापासून निर्दोष नव्हते. 1937 पासून एडी अँडरसन हे निग्रो नट त्यांच्या कार्यक्रमात रॉचेस्टर नावाच्या सेवकाचे काम करीत. आरंभीच्या विनोदांत त्या समाजाविषयीचे हीन ग्रह डोकावत असत. महायुद्धात वंशद्वेषाचे भीषण परिणाम जगाने पाहिल्यानंतर बेनींनी तसले विनोद वगळण्याचा आग्रह धरला. सेवकाने मालकाची फजिती करावी, हाच कार्यक्रमाचा खरा रंग ठरला. अँडरसन यांस वर्णावरून जागा नाकारणाऱ्या हॉटेलातून सगळी मंडळी त्यांच्यासह बाहेर पडली, असेही सांगितले जाते.

28 ऑक्टोबर 1950 रोजी बेनी दूरचित्रवाणीवर आले. नभोवाणीवरील अनेक मातब्बरांचा तेथे जम बसला नाही. ज्यांच्याशी बेनींचे लटके वैर वर्षानुवर्षे गाजले, ते त्यांचे खरे मित्र फ्रेड ॲलन हेही त्यांतलेच. बेनींनी घाई केली नाही. पहिल्या हंगामात मोजकेच कार्यक्रम केले, पुढे पंधरवड्याने एक आणि 1960 पासून दर आठवड्यास एक असा क्रम ठेवला. गालावर हात ठेवून ते प्रेक्षकांकडे नुसते पाहत राहत, तेवढ्याने काम भागे. हसविणारी वाक्ये बहुधा सहकाऱ्यांच्या तोंडी असत व फजिती स्वतःकडे. सॅम पेरिन व जॉर्ज बाल्झर हे लेखक 1943 पासून त्यांच्यापाशी टिकले, यावरून धनी कसा होता ते कळावे. नभोवाणीवरील मालिका 1955 पर्यंत आणि दूरचित्रवाणीवरील 1965 पर्यंत चालली.

आता त्या कृपणाचे खरे रूप पाहू. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिका, इटली व प्रशांत महासागरातील बेटे येथे जाऊन त्यांनी सैनिकांचे मनोरंजन केले. 1956 पासून त्यांनी निरनिराळ्या शहरांतील वाद्यवृंदांबरोबर मदतीचे जलसे केले. अंगात रुबाबदार पोशाख, भोवती नामांकित वादक आणि मध्ये बेसूर वाजविणारे बेनी, असा तो थाट असे. त्यांतून वाद्यवृंद, सभागृहे व लोकोपयोगी कार्ये यांसाठी लक्षावधी डॉलर उभे राहिले. मुलाचे व्हायोलिन मोठ्या सभागृहांत वाजावे ही आईबापांची इच्छा अशा विलक्षण रीतीने पूर्ण झाली. मात्र ते पाहण्यास आई नव्हती, ती 1917 मध्येच निवर्तली होती. आपले मौल्यवान स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन त्यांनी लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदास देऊन टाकले. ज्या वॉकीगनमध्ये त्यांचे शिक्षण अर्धवट राहिले, त्याच गावाने 1961 मध्ये एका शाळेस त्यांचे नाव दिले आणि तेथील खेळाडू 39 या आकड्यावरून ओळखले जाऊ लागले.

अखेरच्या काळात दोन वृद्ध व्हॉडव्हिल नटांच्या जीवनावरील सनशाइन बॉइज या चित्रपटात त्यांची भूमिका ठरली होती. परंतु स्वादुपिंडाच्या कर्करोगाने 26 डिसेंबर 1974 रोजी, वयाच्या 80 व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. ती भूमिका त्यांचे जिवलग मित्र जॉर्ज बर्न्स यांनी केली व त्यासाठी त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. निधनानंतर पत्नीच्या दारी रोज एक लाल गुलाब येऊ लागला. ती हयात असेतो तो पोहोचावा, अशी तजवीज बेनी करून गेले होते. 1983 मध्ये मेरीबाईंचे निधन झाले.

पै-पैचा हिशेब ठेवणे हा गृहस्थाश्रमाचा धर्मच आहे आणि आपल्या वडीलधाऱ्यांनी तो निष्ठेने पाळला. बेनी तो मोडा असे सांगत नाहीत. साठविलेले कोणासाठी खर्चावयाचे, एवढेच त्यांचे आयुष्य विचारते. आपल्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांसाठी, विद्यावृत्तीच्या निधीसाठी झोळी घेऊन कार्यकर्ते दारी येतील, तेव्हा विचार चालू आहे हे उत्तर त्या विनोदी नटाकडेच राहू द्यावे, ही सर्व ज्ञातिबांधवांस व भगिनींस नम्र विनंती.