आट्यांना शिस्त लावणारा यंत्रकार

चंद्रपूरच्या बाजारात चार सुती बोल्ट मागितला, की दुकानदार अर्ध्या इंचाचा काढून देतो. मोटारदुरुस्तीवाला मागतो तो बारा नंबरचा, म्हणजे १२ मिलिमीटरचा. अर्धा इंच मात्र १२.७ मिलिमीटर भरतो. लेथवरचा कामगार इंचाच्या हजाराव्या भागात बोलतो, आणि तारेचा गेज वाढला की तार बारीक होते! ऐन रोवणीच्या दिवसांत पंपाचा एक नट बसेना म्हणून जो खोळंबा होतो, त्याचा भुर्दंड शेवटी शेतकऱ्याच्याच माथी बसतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या खर्चाला क्वचितच जागा मिळते.

या अनागोंदीवर देशव्यापी उपाय योजणारा पुरुष म्हणजे सर जोसेफ व्हिटवर्थ. १८०३ साली इंग्लंडातील स्टॉकपोर्ट येथे एका शिक्षकाच्या घरी त्याचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी त्याला मामाच्या सूतगिरणीत घालण्यात आले. परंतु धंद्यापेक्षा यंत्रांतच त्याचे मन रमले. लंडनला हेन्री मॉडस्ले या विख्यात यंत्रकाराच्या हाताखाली उमेदवारी करून १८३३ साली त्याने मँचेस्टरमध्ये स्वतःचे दुकान थाटले.

त्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे आणि गिऱ्हाईक दुरुस्तीपुरते जन्माचे बांधले जाई. मालकांना ते सोयीचेच होते. म्हणूनच ही सुधारणा बाजार आपण होऊन करील, ही आशा व्यर्थ होती. व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, मोजले आणि त्यांची सरासरी काढून १८४१ साली एकच कोष्टक मांडले. आट्याचा कोन ५५ अंश; अर्ध्या इंची बोल्टला इंचामागे १२ आटे. आपलेच माप श्रेष्ठ असा हट्ट त्याने धरला नाही, यातच त्याचे व्यवहारचातुर्य दिसते. रेल्वे कंपन्यांनी कोष्टक उचलले आणि इतरांना त्यांच्यामागून जावे लागले.

पुढे त्याने इंचाच्या दशलक्षांशापर्यंत मोजणारे यंत्र केले, तोफा-बंदुका केल्या, आणि १८६८ साली तरुण यंत्रकारांसाठी वार्षिक १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या ठेवल्या. १८८७ मध्ये तो वारला. मात्र त्याच्या हयातीतच, १८६४ साली, अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशांचा निराळा आटा सुचविला होता. तेथे अर्ध्या इंचाला आटे १३! दोन्ही राष्ट्रांची दिलजमाई व्हायला १९४८ साल उजाडले.

आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती आली. तागडी बदलली, नाणी बदलली; पाना मात्र राहिला, कारण यंत्र कायद्यापेक्षा दीर्घायुषी असते. तेव्हा सुट्या भागाच्या पावतीवर नुसता ‘नंबर’ न लिहिता मिलिमीटर आणि आट्यांची जात नोंदविण्याची सक्ती का नसावी? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मुलांना सुताचे मिलिमीटर करण्याचे कोष्टक तोंडपाठ का नसावे? यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही.

घरातल्या अर्ध्या इंची नळाचेच पाहा. त्याच्या पाइपाचा बाहेरचा व्यास सुमारे २१ मिलिमीटर भरतो, आणि त्यावरील आटे आजही व्हिटवर्थच्याच ५५ अंशांचे, इंचामागे १४ असतात.