हिंगणघाटात ज्याची कबर आहे, तो विल्यम लॅम्बटन नेमका होता कोण?

शाळेच्या भूगोलात सर्व्हेचा विषय निघाला की जॉर्ज एव्हरेस्टचं नाव येतं. पण त्याच्या आधी हे काम ज्याने उभं केलं, तो विल्यम लॅम्बटन आपल्या विदर्भात, हिंगणघाटात वारला हे फार कमी जणांना माहीत असतं.

लॅम्बटन इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाऊनला तो युद्धकैदी झाला होता. पुढे 1799 मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या श्रीरंगपट्टणच्या लढाईत तो इंग्रज फौजेत होता. म्हैसूर पडलं आणि त्याने सरकारपुढे प्रस्ताव ठेवला, की देशाचं नीट मोजमाप करू.

10 एप्रिल 1802 ला मद्रासजवळ काम सुरू झालं. सपाट जमिनीवर सुमारे 12 किलोमीटरची एक रेघ पोलादी साखळीने मोजायची. मग तिच्या दोन्ही टोकांवरून लांबची एखादी टेकडी बघायची आणि कोन मोजायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्याच्यावर आणखी एक. डोंगर-नाल्यांतून साखळी ओढत बसायची गरजच नाही!

कोन मोजायचं यंत्र म्हणजे थिओडोलाइट. त्याचं वजन जवळपास अर्धा टन. तंजावरच्या मैदानात टेकड्या नाहीत, म्हणून 1808 मध्ये ते देवळाच्या गोपुरावर चढवायला घेतलं. दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटलं आणि त्याचं मोठं वर्तुळ वाकलं. दुसरा कोणी असता तर नवीन यंत्राची वाट बघत बसला असता. लॅम्बटनने तंबूत बसून सुमारे सहा आठवडे ते ठोकून-ओढून सरळ केलं आणि तेच पुढे वापरलं.

1815 पर्यंत काम निजामाच्या राज्यात बिदरला पोचलं. तिथून उत्तरेला निघालेली त्रिकोणांची साखळी हिंगोलीच्या पूर्वेकडून वऱ्हाडात गेली. गावं, नद्या, रस्ते दाखवणारे नकाशे पुढे याच त्रिकोणांच्या आधाराने भरले गेले. त्रिकोण चुकला असता तर त्याच्यातलं गावही नकाशावर सरकलं असतं.

सत्तरीच्या घरात असलेला लॅम्बटन हैदराबादहून नागपूरला निघाला होता. जानेवारी 1823 मध्ये वाटेत हिंगणघाटला तो गेला. काम एव्हरेस्टकडे आलं. जगातल्या सर्वांत उंच शिखराला 1865 मध्ये एव्हरेस्टचं नाव मिळालं.